बदलीवाल्याची मुलगी

जून १९५७. दादरच्या एका कॉलेजात फॉर्मच्या रांगेत माझ्यापुढे गिरणीतला एक बदलीवाला आणि त्याची मुलगी उभी होती. फॉर्मवर बापाची सही राहिली होती.

"राज्यशास्त्र? चंपे, मोर्च्यात जायला बी. ए. कशाला? लाठी फुकट मिळते."

"कायदे कसे करतात ते शिकायचंय, आबा. वीस वर्षं तुम्ही रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहता, आज काम मिळतंय का बघत. तो नियम माणसानंच लिहिला ना?"

"माणूस कसला? हरामखोर!"

"मग नवा मी लिहीन. मराठी राज्य झालं की सचिवालयात बसून."

"तू? सचिवालयात?"

"खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे."

"...दे फॉर्म. पण पयलं त्या दारात एक बाकडं लिही."

"बाकडं कशाला? सगळ्यांना कायमच करीन."

"करशील गो. त्याला वर्षं लागतील. तोवर बसू देत माणसं."