रात्रपाळीची बेल

(सकाळ. स्वयंपाकघर. रात्रपाळी करून आलेली ताई टबातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसली आहे. त्याच हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करणारा धाकटा भाऊ टेबलाशी, लॅपटॉपवर तिच्या वॉर्डाच्या नोंदी उघडून.)

धाकटा : आणि हे 'खिडकीजवळचे आजोबा' म्हणजे कुठली खाट?

ताई : बारा.

धाकटा : मग बारा लिहायला काय होतं? कुठे आकड्यात, कुठे अक्षरात, कुठे आजोबा. कॉम्प्युटर तीन पेशंट मोजतोय.

ताई : एका हातात सलाईन धरून लिहून बघ एकदा. आल्या आल्या डोकं खाऊ नकोस. पाय बघ कसे सुजलेत.

धाकटा : एवढं सांग आणि झोप. तुमच्या वॉर्डात रात्रभर कोणी काहीच करत नाही का?

ताई : काय म्हणालास?

धाकटा : मी नाही, तुमच्या नोंदी म्हणतात. रात्री दहानंतर शुकशुकाट. सकाळी सहाला एकदम सगळी इंजेक्शनं, सगळी ड्रेसिंग, सगळ्यांचा ताप.

ताई : मग लिहायचं कधी? वॉर्ड भरलेला आणि आम्ही दोघी. तळहातावर पेनानं खरडून ठेवतो, सकाळी चढवतो. तुझा कॉम्प्युटर चढवल्याची वेळ लावतो, त्याला आम्ही काय करणार? पाणी गार होतंय रे, जरा गरम घाल.

धाकटा : तेच तर. कुठल्या पाळीला किती नर्स लागतात, याचा रिपोर्ट मोठ्या साहेबांना आज दुपारी हवाय. हे असंच गेलं तर रात्री एकच ठेवतील.

ताई : म्हणजे माझ्या जोडीदारणीला काढणार. ती कंत्राटावर आहे. पोर अजून रांगतंय तिचं.

धाकटा : आणि तू सगळा वॉर्ड एकटी ओढणार.

ताई : मग सांग की साहेबांना, असं नसतं म्हणून.

धाकटा : मी पडलो तुझा भाऊ. माझ्या सांगण्याला कोण विचारतंय? त्यांना आकडा लागतो. म्हणून दोन दिवस डोळे फोडून शोधत होतो. पेशंटच्या उशाशी बेल असते ना, ती कधी दाबली, कधी बंद केली, हे यंत्रात आपोआप साठतं. इलेक्ट्रिशियनशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. ते तुमच्या नोंदींना जोडलं की रात्र कशी जाते ते दिसेल.

ताई : ते जोडू नकोस.

धाकटा : का?

ताई : आम्ही किती वेळानं पोचलो, तेही दिसेल.

धाकटा : दिसतंय. काही ठिकाणी अर्धा तास.

ताई : एकाला धाप लागली की दोघी तिथेच अडकतो रे. बाकीच्या बेल वाजत राहतात. झोपले तरी कानात वाजतात. आणि साहेब काय म्हणतील? बायका झोपा काढतात.

धाकटा : नाही जोडलं तर रिकाम्या बसता, जोडलं तर झोपा काढता. इकडे आड, तिकडे विहीर. तू म्हणशील तसं करतो.

ताई : थोडं पाणी घाल आधी.

धाकटा : जोडू की नको, सांग ना. दुपारी पाठवायचंय.

ताई : हजेरी आहे तुझ्याकडे?

धाकटा : आहे. सगळ्या पाळ्यांची.

ताई : मग जोड. पण प्रत्येक उशिराच्या शेजारी एक रकाना घाल. त्या वेळी वॉर्डात पेशंट किती होते आणि नर्स किती.

धाकटा : तो कॉलम कोणी मागितलेला नाही.

ताई : मीठही कोणी मागत नाही. भाजीत घालतोसच ना?

धाकटा : ठपका तुझ्यावरही येईल, ताई.

ताई : येऊ दे. उशीर झाला तो झालाच. ते खिडकीजवळचे आजोबा बेल दाबून वाट बघत पडले होते, हे कुठेतरी लिहिलेलं राहील.

धाकटा : थांब हं. हजेरी जोडली. जुळतंय. अर्धा तास जिथे जिथे आहे, तिथे दोघीच दिसतायत. अगं, पाणी गार झालं असेल ना? बदलून देऊ?

ताई : दोनदा म्हणाले मी.

धाकटा : खरंच? ऐकूच आलं नाही ग. कामात होतो.

ताई : माहितेय. आम्हीही पेशंटना हेच सांगतो.