लाडखेडचं टेसन राहून गेलं

बसा, बसा. मागं उभं राहू नका, सतरंजी रिकामी हाय.

मले भाषण देता येत नाही. आज वसंताच्या शोकसभेत तर तोंड उघडावंसंच वाटत नाही. पण शांतावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बोला." तर बोलतो. वसंता माह्या लहानपणचा दोस्त. केव्हापासून हे लोकं त्याले थोर म्हणून राह्यले. थोर नव्हता तो. हट्टी होता. भलता हट्टी.

आपली छोटी रेल्वे बंद पडली, तवा त्यानं घरच्या ओसरीत तिचं मॉडेल मांडलं. सायकलच्या तारांचे रूळ, पत्र्याचे डबे. यवतमाळले अशा मॉडेलचं प्रदर्शन भरलं, तर म्हणे, "चाल." मी म्हटलं, "कायले? धूळ खायले?" तरी गेलतो. यष्टीत मांडीवर डोंगर घेऊन बसलो मी. थर्माकोलचा! कंडक्टर म्हणे, "आजोबा, डोंगराचं तिकीट काढलं काय?"

तठी काय? सत्कार, शाली, हारतुरे. माणसं बोलून राह्यले आन गाड्या उभ्या. मंग एकदाची आमची गाडी निघाली. जराशी चालली आन थांबली. काहून? तर फाटक आलं! वसंता वाकला, बोटानं फाटक लावलं, गाडी पुढं काढली, परत थांबवली, फाटक उघडलं. खरी गाडी तशीच चाले न बाप्पा! गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावे. पण पाहणाऱ्याले काय त्याचं? पोट्टे बाजूच्या टेबलावर बुलेट ट्रेन पाहाले पळाले. मी म्हटलं, "अबे, पळव न जराशी!" तर म्हणे, "पळवाची असती तर मोटरसायकल बनवली असती."

मंग एक म्हातारी आली. सगळं निरखून पाह्यलं तिनं. म्हणे, "लाडखेडले थांबते काय?" वसंता म्हणे, "नाही." टेबल पुरलं नव्हतं, म्हणून लाडखेडचं टेसन गाळलं होतं यानं. म्हातारी चिडली. "माहेर हाय माहं! मंग मी उतरू कुठं?"

झालं. त्या दिवसापासून त्याले दुसरं काही सुचलं नाही. ओसरी पुरेना, तर खोलीची भिंत फोडली यानं. वहिनी ओरडल्या, मी ओरडलो. "वसंता, ते म्हातारी विसरली असंन." म्हणे, "मी नाही विसरलो न." आन टेसन अर्धं टाकून गेला. फलाट झाला, छप्पर नाही, पाटी कोरी. हे काय जाणं झालं? सांगा मले!

आन आज प्रदर्शनवाले आले. हे काय, समोरच बसले हायेत. म्हणतात, मॉडेल आमाले द्या, काचेच्या पेटीत ठेवतो, फोटोले हार घालतो. वहिनीकडून आजच हो का नाही पाह्यजे त्यायले. वहिनी मले पुसतात. तर सगळ्यायसमोर सांगतो. नाही! पेटीत ठेवल्यावर फाटक कोण लावन? आधी लाडखेड होईन. मंग न्या यवतमाळले, पण गाडी चालली पाह्यजे. थांबत थांबत चालली पाह्यजे. बरोबर न वहिनी? पाहा, मान हलवून राह्यल्या.

गजानन रंगारी कुठं हाय? लपू नको. उद्या ब्रश घेऊन ये. छप्पर मी करतो. येत नाही मले, पण करतो.

आता उभे राहा. मोबाईल बंद करा. जरासा वेळ गप राहू, पण खरंच गप राहू.

वसंता, राम राम. तू जाय आता. बाकीचं आमी पाहतो.