पालकांनी ओट्यावर बसावे

तोंडावर ‘लय भारी काम हाय’ म्हणायचं आणि गावच्या बैठकीत विरोधात हात वर करायचा – याला काय म्हणतात, सर? नाही, तुम्हाला नाही विचारत. तुम्ही मोजा. हे बालसंग्रहालय बंद करून तुमच्या सैनिक स्कूलच्या क्लासची बाकं इथं किती बसतात ते बघायलाच आलाय ना उंब्रजवरनं, एवढी वळणं खात – मोजा निवांत. ते टेबल सरकवायचं असेल तर जपून, खाली जीपच्या स्प्रिंगा आहेत, हात लागला की थडथडतं. भूकंपाचं टेबल ते. इथं कोयनेच्या बाजूला धक्का बसला की भांडी वाजतात, लोक भांडी सावरतात आणि पुन्हा कामाला लागतात. म्हणून म्हटलं, पोरांनी याच्यावर ठोकळ्यांची घरं बांधावीत, टेबल हलवावं, आणि घर का पडलं ते आपसांत भांडून ठरवावं. कुणी सांगायचं नाही. मी पण नाही. चौथीतली शिवांजली अख्खा रविवार नुसती घरं पाडत बसली, आणि निघताना आपणहून म्हणाली, ताई, खाली रुंद पाहिजे. हे सैनिक स्कूलच्या परीक्षेत येतं का? नाही येत. तेच म्हणालं बैठकीत कुणीतरी – ‘खेळून कोन फौजेत गेलंय का?’ – आणि सगळे हसले. तरुण मंडळाचा वीरधवल सगळ्यात मोठ्यानं हसला. हे बालसंग्रहालय उघडलं तेव्हा फेटा बांधून नारळ फोडायला हाच पुढे, आणि आत येऊन पहिला प्रश्न काय, तर तलवारी कुठायत.

आता तुम्ही म्हणाल, पालकांना समजावून सांगायचं. अहो, त्यांना बघितलंय मी. पहिल्याच रविवारी सगळे आत शिरले. पोरानं ठोकळा उचलला की – ‘आन हिकडं, तुला न्हाई जमायचं’ – बाप बांधतोय, आई फोटो काढतीय, पोरगं भिंतीला टेकून उभं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पण आपल्याकडं नंबर बापाचाच येतो, मुलगा नुसता शेजारी इस्त्रीचे कपडे घालून उभा असतो. हसताय, पण खरंय ना? म्हणून पुढच्या रविवारी मी दारावर पाटी लावली – पालकांनी ओट्यावर बसावे. ती बघा, काढायची राहिलीय. तेव्हापासून एकाला आत घेतलं नाही. सरपंचांना नाही, कुणाला नाही. खिडकीतनं डोकावले की मी पडदा ओढायचे, पोरं बिचकतात म्हणून. बसायचे डबे घेऊन उन्हात. जाताना विचारायचे, आज काय शिकिवलं? मी म्हणायचे, काही नाही. अभिमानानं म्हणायचे, कारण तेच तर – मी नाही शिकवलं, पोरं आपली शिकली. एवढं कळायला पाहिजे ना माणसांना? वर्षभर येतायत, ओट्यावर बसतायत, कळत कसं नाही?

आणि पहिला हात कुणाचा वर गेला, माहितीय? तात्यांचा. सुभेदार म्हणून रिटायर झालेत फौजेतनं, त्यांचा हात गेला म्हटल्यावर बाकीच्यांचे जाणारच. माझे वडील ते. हो. हे टेबल त्यांनीच बनवलंय, कराडच्या भंगारातनं स्प्रिंगा शोधून आणून. बनवताना काय खूश होते – जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. मग? मग काय, तेही ओट्यावर. नियम म्हणजे नियम, घरच्याला सूट दिली तर लोक काय म्हणतील? एकदा आतला दंगा ऐकून आले, दार थोडं ढकललं – ‘अपेक्षा, हलतंय का गं नीट?’ – मी म्हटलं, तात्या, पाटी वाचा. गेले परत ओट्यावर. त्याचा राग असेल – छे. तेवढ्यावरनं कुणी असं करतं का? त्यांना मी पुण्याला नोकरीला जायला पाहिजे, बाकी काही नाही. पण माझ्यासमोर, सगळ्या गावासमोर, माझ्याकडे न बघता – असू दे. मी बोलत नाही त्यांच्याशी.

या मनुबाई. शिवांजलीची आजी, सर, ओट्यावरची पहिली जागा यांची. तुमच्यासाठी चहा आणलाय – बघा, क्लासच्या सरांना लगेच चहा. हात यांनी पण वर केला होता. केला होता ना, मनुबाई? आता खाली काय बघताय? आणि दारात कशाला थांबलाय, या आत, आता कसली पाटी. कप कुठंही ठेवा – तिथं नको, तिथं नको, ते हलतं –

सांडला. राहू दे, पुसते मी. सर, तुम्ही जरा थांबा, टेप राहू दे खाली. घ्या मनुबाई, तो ठोकळा घ्या. त्याच्यावर दुसरा. आता हलवा. भिऊ नका, पडू दे.

मनुबाईंनी टेबलाची कड धरून हळूच हलवलं. पुन्हा एकदा हलवलं.

“शिवा रोज सांगायची घरी, आजे, टेबल हलतंय,” त्या म्हणाल्या. “मी म्हनायची, गप जेव.”