फळांचाच रस

हॅलो?

हॅलो… कोण, जनी? अगं आवाज तुटतोय. हां… हां, आता येतोय. बोल.

नाय गो, कसलं काम. जेवणं झाली, आता ग्लास पुसत बसलेय. शनिवारचे गो, भाड्यानं आणलेले. चार दिवस टोपलीत तसेच पडलेत. मंडपवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.

हो, हो… झाला ना कार्यक्रम. चांगला झाला. ह्यांची बढती म्हणून कंपनीतले सगळे आले होते. साहेब आले, साहेबांच्या मिसेस आल्या. गच्चीवरच केलं. मे महिन्यात घरात कोण बसणार, आणि रामवाडीला संध्याकाळचा तेवढा वारा तरी असतो.

तू यायला पाहिजे होतीस… हां, पोरीला ताप होता, हिरामण बोलला तसं. कशी हाय आता?… उतरला ना. बरं झालं.

काय?… प्यायला काय ठेवलं होतं? काय म्हणजे… थंड काहीतरी. सरबतासारखंच.

सांगते ना. पंच म्हणतात त्याला. साहेबांच्या मिसेसनीच शिकवलं. काय नाय त्यात… अगं ऐक ना. साखरेचं पाणी उकळायचं. त्यात दालचिनी, चार लवंगा, आल्याचा तुकडा, संत्र्याची साल. गार झालं की गाळून घ्यायचं. मग फळं चिरायची. मी हापूस घातला, जरा घट्टसा बघून. अननस, सफरचंद. आणि करवंदं. करवंदं माझ्या मनानं घातली. सकाळी कातकरणी बाजारात घेऊन बसतात ना, त्यांच्याकडची. सगळं एकत्र करून रात्रभर फ्रीजात ठेवायचं. वाढताना वरनं सोडा आणि बर्फ.

…

व्हय. वाईन असते त्यात. लाल. दोन बाटल्या घातल्या. फळं त्यातच भिजतात रात्रभर.

नाय, वास तसा येत नाय. लवंगेचाच येतो. आणि लागतं गोड… ज्याला ठाऊक नाय त्याला कळायचं नाय, हां.

का गो, एवढं खोदून का विचारतेस?

थांब, ती शिट्टी कसली वाजली? तू हायस कुठं?… रोह्याला? माहेरी? कधी गेलीस?

रविवारी. पोरीला घेऊन, अंगात ताप असताना?

…

हो. हो, ऐकतेय.

शनिवारी हिरामण घरी आला तेव्हा तोंडाला वास होता. बरं.

आणि तू विचारलंस तर काय बोलला?… माझं नाव घेतलं?

नाय, म्हणजे… जनी, त्याच्यासाठी मी कोकम केलं होतं. वेगळं. सकाळीच करून स्टीलच्या जगमध्ये भरून ठेवलं होतं, फ्रीजच्या दारात. खरंच केलं होतं. ह्यांना विचार हवं तर.

ठाऊक हाय गो मला. तीन वर्षं झाली त्याला दारू सोडून, मला नसेल ठाऊक? तू बाळंतीण होतीस तेव्हा. मीच नेलं होतं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात. दारात माझा हात सोडायला तयार नव्हता. लहानपणी शाळेत सोडायला जायचे तेव्हा करायचा तसंच.

म्हणूनच तर कोकम केलं ना मी. एवढंच सांगतेय.

…

तसं कुठं म्हणतेय? तो खोटं बोलतो असं मी म्हटलं का?

तू काय म्हणालीस त्याला?

"प्यायलास ते प्यायलास, आणि सख्ख्या बहिणीच्या नावावर घालतोस"… असं म्हणालीस.

आणि तो?

परत एकदा माझंच नाव घेतलं.

…

आणि आबा काय म्हणतात?… उद्या? उद्याच गडबला तुमच्या घरी जाऊन तुझं सामान आणणार? गाडीपण सांगितली?

नाय गो, तुझा बाप चुकीचा नाय. तू काढलेस ते दिवस मी बघितलेत. परत तेच सुरू झालं असं वाटल्यावर कुठला बाप पोरीला तिथं ठेवील…

थांब. जनी, थांब जरा. हातातला ग्लास खाली ठेवू दे.

…

मी दिलं त्याला.

व्हय. मीच. माझ्या हातानं.

नाय, चुकून नाय. ग्लासांची अदलाबदल झाली, असलं काय नाय. ऐक, मला एका दमात सांगू दे. मधे बोललीस तर मी परत कोकमावर जाईन.

तो पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. एकटाच, कोकमाचा ग्लास घेऊन. मिठागरावरनं घरी जाऊन, आंघोळ करून आलेला, तरी हातांच्या भेगा काय जातात का. तो निळा शर्ट घातलेला, कॉलर विरलेली. सगळ्यांच्या हातात काचेचे ग्लास आणि ह्याच्या हातात स्टीलचा. साहेबांच्या मिसेसनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. त्या म्हणाल्या, मग ते का घेत नाहीत, काही प्रॉब्लेम आहे का? वाईट मनानं नाय विचारलं त्यांनी. सहज विचारलं. पण चार बायका वळून त्याच्याकडं बघायला लागल्या.

मला काय सांगता येईना. उपास हाय म्हणता आलं असतं. डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत म्हणता आलं असतं. काहीच न बोलता दुसरा विषय काढता आला असता. चार दिवस भांडी घासताना सुचतंय सगळं. तेव्हा मी हसले, एक काचेचा ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. कोकमाचा काढून घेतला.

लाज वाटली, दुसरं काय. भाऊ दारुडा होता हे त्या बायकांना कळेल ह्याची लाज वाटली.

…

विचारलं ना. त्यानं विचारलं. माझ्याकडं वाकून, हळूच. "ताय, यात काय हाय?" मी म्हटलं, फळांचाच रस हाय.

व्हय, असंच म्हटलं.

परत म्हणाला, "नक्की ना?" मी म्हटलं, सगळ्यांसमोर काय विचारत बसलास, घे गपचूप.

घेतला. मी दिला म्हणून घेतला गो. दुसऱ्या कुणी दिला असता तर हातपण लावला नसता त्यानं.

…

नाय, दुसरा नाय. एकपण पुरा नाय. अर्धा झाल्यावर वर तरंगणारी करवंदं तोंडात टाकली, आणि थांबला. फळांत जास्त मुरते ना ती. थांबला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाय बघितलं… रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. ग्लास कठड्यावर ठेवून जिना उतरला.

जेवला कुठला. कोलंबीचं कालवण त्याला आवडतं म्हणून केलं होतं, तसंच राहिलं.

आणि जनी… हे तुला त्यानं सांगितलं नसेल. खाली गेटपाशी नळ हाय ना, तिथं तो चुळा भरत होता. मी कठड्यावरनं बघत होते. किती वेळ. बोटं घालून ओकायला बघत होता. मी वर उभी. खाली नाय गेले. दोन जिने होते फक्त. कुणीतरी बर्फ मागितला म्हणून वळले. परत बघितलं तर नळ चालू, आणि तो नव्हता.

…

नाय केला फोन. रोज हातात घ्यायचे. मनात यायचं, त्यानं घरी सांगितलंच नसेल तर बरंच हाय. एका ग्लासानं काय होतंय. हे असं यायचं मनात, तुझ्याशी खोटं नाय बोलत आता.

आणि मघाशी तुझा फोन आला तेव्हापण तेच करत होते. तू त्याला खोटा म्हणालीस आणि मी कोकमाचं सांगत बसले.

…

जनी?… हायस ना?

बोल. बोल तू, ऐकतेय.

खरं हाय.

…

तेही खरं हाय. तुझं घर मी मोडायला निघाले होते आणि मोडलं तर ते त्याच्या माथी गेलं असतं.

…

हो… ऐकतेय.

काय?… सोमवारी? केंद्रात गेला होता? एकटाच?

मला नाय ठाऊक. इथंच, पेणला येऊन गेला… आमच्या कोपऱ्यावरनंच जावं लागतं तिकडं.

काय सांगितलं त्यांना?… दिवस परत एकपासून मोजायचे? का?… त्याचं त्यानंच ठरवलं. रविवार पहिला धरला. म्हणजे आज चौथा दिवस.

आणि ते तू त्याच्या दारूचा पुरावा धरलंस. मीपण तेच धरलं असतं गो. तुझा काय दोष.

तीन वर्षं आणि वर दोन महिने झाले होते, जनी. आणि आज चौथा दिवस.

…

रडत नाय मी. तू बोल.

जातेस? आज?… जा. आजच जा. मी येऊ का? साडेतीनच्या गाडीनं रोह्याला येते, दोघी मिळून गडबला जाऊ. मी त्याच्यासमोर तुला…

नको?

बरं… एकटीच जातेस. बरोबर हाय, तुमच्या दोघांचं तुम्ही बोला.

त्याला फोन तरी करू?… तोही नको.

किती दिवस?… "तो करील तेव्हा." बरं. आणि नाय केला तर?

…

बरं.

नाय, नाय, मला वाईट वाटायचा प्रश्नच नाय. तू सांगशील तसं.

काय म्हणालीस?… आबा सोडणार नाहीत? तू सांग ना त्यांना, मी सांगितलं ते… हां. व्हय, तेपण खरं. तू सांगितलंस तर म्हणतील, नवऱ्याला झाकतेय.

दे. त्यांना दे फोन. मी सांगते.

नाय गो, नणंद-बिणंद काय घेऊन बसलीस. दे तू.

…

हां, आबा, नमस्कार. मी सगुणा. हिरामणची बहीण, पेणची… बरी हाय. आबा, जरा ऐकून घ्या. शनिवारी हिरामण माझ्याकडं प्यायला, ते मी दिलेलं. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटं सांगितलं. त्यानं घरी जनीला सांगितलं ते सगळं खरं होतं.

…

हो.

…

हो आबा, ऐकतेय. बोला तुम्ही.

…

नाय, ह्यांनी नाय सांगितलं. ह्यांना तर अजून ठाऊक पण नाय. माझं मीच केलं.

…

तुम्ही स्वतः सोडायला जाताय? बरं होईल. आणि उद्याची ती गाडी… हां, नको म्हणून सांगताय ना. बरं.

त्याला काय बोलू नका आबा, एवढंच… नाय, मला कुठला अधिकार. तुम्हाला वाटेल ते बोला.

…

काय म्हणालात?… मी? मी पण घेतली होती का?

नाय आबा. मी घेत नाय. त्या दिवशी थेंबपण घेतला नव्हता. पूर्ण शुद्धीत होते मी.

…

आबा?

हॅलो?… जनी?… हॅलो?