सशाचा कडू रस्सा

रानातलं मटन कडूच लागतं, असं मीबी एकदा समजून बसलतो, बरं का.

लग्नानंतर पहिल्यांदाच धारूरला सासुरवाडीला गेलतो. शेतातल्या कुत्र्यांनी ससा धरलता. सासऱ्यांनी तो हौसेनं सोता साफ केला, सासूबाईंनी शिजवला. पण जावयाच्या आधी कुणी चाखायचं न्हाई, अशी त्या घरची रीत.

पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लई कडू, वर उग्र वास! सासऱ्यांकडं बघितलं, तर ते भुरके मारीत होते. मग मीबी दोन वाट्या रिचवल्या.

आमचं उरकल्यावर सासूबाई जेवायला बसल्या अन् घास थुंकून ओरडल्या, "अवं, साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की! तुमाला कळलं न्हाई?"

सासरे म्हणले, "जावई खातेत म्हणून मी गप खाल्लं."

मी म्हणलं, "मामा खातेत म्हणून मी!"

दुसऱ्या दिवशी मामांनी सासूबाईंचं ताट आपल्या शेजारी मांडलं. म्हणले, "बस हितं. आधी तू खा."

तवापासून त्या घरात गरम भाकरीचा पहिला घास सासूबाईंचा. त्या सशाचे लई उपकार हायेत.