डोळा बांधायचा चाकू

प्रेरणा : आई, खरं सांग, तू कोणाले चाकू मारला होता काय?

आई : काय?

प्रेरणा : मी नाही म्हणत व! शाळेतल्या राखी अन् काजलनं पैज लावली. "तुझी आई दर रविवारी चाकूले धार लावते, कापत तं काहीच नाही. विचारून दाखव, समोसा देतो."

आई : समोशापायी मायले खुनी केलं! सांग त्याइले, हा कलमाचा चाकू हाये. तुह्या आबाचा. माह्या माहेरी, बीबी गावच्या रोपवाटिकेत आमी बापलेक डोळे बांधत होतो.

प्रेरणा : डोळे?

आई : जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीचा कोंब बसवायचा, वरून पट्टी. त्या कोंबाले डोळा म्हणतात. म्हून याच्यानं दुसरं काही कापाचं नाही, पेरूबी नाही. धार गेली का साल फाटते अन् डोळा सुकते.

प्रेरणा : दाखव. अव, हा उघडत काऊन नाही?

आई : उघडाचाच खटाटोप करून राह्यली ना सकाळपासून! अहो, तुमी हात लावला काय याले?

बाबा : मागच्या रविवारी तुह्या हाताले कळ आली होती. म्हटलं, आपणच तेल सोडावं.

आई : कोणतं?

बाबा : जवसाचं. घरचं, चोख.

आई : अहो, ते मुठीच्या लाकडाले! पात्याच्या खिळ्यात गेलं का डिंकावानी सुकते. आणा आता इंजिनचं डिझेल.

(थोड्या वेळानं. वाटीत डिझेल, डिझेलात मिटलेला चाकू. मग 'खट्'.)

प्रेरणा : उघडला! काय चमकते व!

आई : हळू. आधी खाचेतला मळ काढ. आता शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, खिळ्यावर. हं, उघड-मीट कर.

प्रेरणा : आई, एवढं जपतं, अन् शेखरमामा दर हंगामाले बीबीले डोळे बांधाले बोलावते तं जात काऊन नाही?

आई : कामं असतात.

बाबा : सांग ना तिले खरं. मलेबी कुठं सांगितलं तू?

आई : लगन होऊन इकडं साखरखेर्ड्याले आली, इथं सगळं सोयाबीन. एक डोळा नाही बांधला तवापासून. हात इसरला असन तं? इथं धार लावत बसलं का वाटते, आबा वाफ्यातून हाका मारून राह्यले, "महामाया, पट्टी आण व." तिथं जाऊन माह्या हातचे डोळे सुकले, तं ते हाक मारणंबी बंद होईन.

बाबा : मले वाटे, तुले धार लावाचा छंदच हाये.

आई : छंद म्हणे!

प्रेरणा : आई, बाबा, ऐका. म्या ठरवलं. येत्या रविवारी मी बीबीले चालली, डोळा बांधाले शिकाले. शिकवणारी घरूनच नेते. बांधू दोघी मिळून. सुकले तं मामाले म्हणजो, पोरगी नवी हाये.