सयाजीच्या नडगीवरचा भार

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त आदरणीय गणपतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या डॉ. श्यामला मॅडम, सहकारी डॉक्टर, सिस्टर्स, वॉर्डातील मावशी-मामा आणि उपस्थित मित्रहो,

मी संघप्रिया, फिजिओथेरपी विभागात काम करते. मॅडमच्या कौशल्याबद्दल बोलण्याचा अधिकार मोठ्यांचा आहे. मी एका पायाबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वी बिद्रीजवळचा सयाजी आपल्याकडे आला. उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. डावी नडगी मोडलेली, दुसऱ्या दवाखान्यात प्लेट बसवलेली, तरी हाड जुळत नव्हतं. डावा पाय क्लचचा. तो दाबता आला नाही तर गडी घरी बसणार, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

मॅडमनी कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून तिथे भरला. असं भरलेलं हाड म्हणजे परांचीसारखी तात्पुरती बांधणी. शरीर ते हळूहळू खातं आणि त्या जागी स्वतःचं नवं हाड रचतं. पण कुठे रचायचं हे ते कशावरून ठरवतं? भारावरून. म्हणून टाके निघाल्यावर मी सयाजीला वजनकाट्यावर पाय दाबायला शिकवलं. आधी दहा किलो, मग हळूहळू पुढे.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. मधली फट तशीच. जंतुसंसर्ग नव्हता, स्क्रू घट्ट होते. पुन्हा उघडायचं ठरलं, तारीखही पडली. मी सयाजीला विचारलं, "किती किलोपर्यंत आलात?" तो आईकडे बघायला लागला.

त्या आईने, आक्कांनीच उत्तर दिलं. "आजाऱ्याला उभं करायचं व्हय? रोज बघायला मानसं येत्यात. पावणं काय म्हनतील, पोराला चार दिस पडू बी देत न्हाईत म्हनून?"

सयाजी तीन महिने पलंगावर होता. नारळ-केळी घेऊन येणाऱ्या प्रत्येकासमोर घराची अब्रू राखत. आमच्या कोणत्याही पुस्तकात हे कारण नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आक्का, पाहुण्यांसाठी त्याला झोपवलंत, तर हाडही झोपून राहील."

"हाडाला काय कळतंय ओ?"

"त्यालाच कळतं. भार आला तर भरतं. नाही आला तर कशाला भरेल?"

दुसऱ्या डॉक्टरांचं मत शस्त्रक्रियेकडे होतं, आणि ते चूक नव्हतं. भार देताना प्लेट मोडली असती तर? मॅडमनी मला विचारलं, "तुमचं मत?" माझ्या नोकरीचं ते पहिलं वर्ष. मी म्हटलं, अजून भार दिलाच गेलेला नाही, तर हाडाने प्रतिसाद दिला नाही असं म्हणता येणार नाही. मॅडमनी तारीख पुढे ढकलली. जोखीम त्यांची होती. प्लेट मोडली असती तर माझं नाव कुणी घेतलं नसतं.

घरी काटा नव्हता. पण शेजारीच चुलते ज्ञानू यांचं गुऱ्हाळ, आणि तिथे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायचा काटा. एसटीने जाऊन मी तो आधी तपासून घेतला. मग पलंगाशेजारी मांडला. पाहुणे यायचे ते आलेच. पण आता आक्का त्यांना कामाला लावायच्या. "पावणं, च्या मागनं. आधी काटा बघा."

"बावीस. आरं, खिशात गूळ हाय की काय?"

"न्हाय की. पाय हाय त्यो," सयाजी म्हणायचा.

पुढचा एक्स-रे मॅडमनी दिव्यावर लावला. फटीवरून धुरकट पांढरी रेघ गेली होती. नव्या हाडाची. मॅडम खुर्चीत बसल्या. एक्स-रे बघताना त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. त्यानंतर रेघ दाट होत गेली. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

मॅडम, आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण सयाजीला मी स्वतः दिलं होतं. तो आलेला नाही. निरोप आला आहे, तोच वाचते. "मॅडमास्नी सांगा, हंगाम चालू हाय, ट्रॅक्टर सोडून यायला सवड न्हाय."

तुमच्या सत्कारात याहून चांगली भर मला घालता आली नसती. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. नमस्कार. जय भीम.